चार वाजताची भुतं

तांबोळी बाईंची आणि माझी ओळख एका किंकाळीमुळे झाली. पुण्याजवळ मांजरी गावातल्या नव्या सोसायटीत राहायला येऊन आम्हाला आठवडाही झाला नव्हता, निम्मी खोकी अजून बांधलेलीच होती. ऑक्टोबरातली दुपार. बायको कामावर गेली होती आणि मी जेवणाच्या टेबलावर प्रुफं तपासत बसलो होतो. तेवढ्यात शेजारच्या फ्लॅटमधून एक बाई जिवाच्या आकांताने ओरडली. मी अनवाणीच बाहेर धावलो आणि शेजारची बेल दाबत राहिलो.

दार उघडलं ते साठी केव्हाच ओलांडलेल्या एका उंच, सडपातळ बाईंनी. इस्त्रीची सुती साडी, जाड काचांचा चष्मा, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा आणि हातात खारे दाणे भरलेली वाटी.

"कोण ओरडलं?" मी विचारलं.

"बायको," त्या शांतपणे म्हणाल्या. "नवऱ्याने विहिरीवरची फळी काढली आहे. तुम्ही पेंडसे ना? खाली पाटीवर नाव वाचलं. आत या. अजून दोन-तीन किंकाळ्या आहेत, उभ्याने ऐकू नका."

मी आत गेलो. खोलीचे सगळे पडदे बाजूला सारलेले होते. गॅलरीच्या दारातून पलीकडचा ऊस आणि उसापलीकडे चढत चाललेल्या नव्या इमारती लख्ख दिसत होत्या. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर एक ओलीचिंब बाई विहिरीच्या काठावरून वर येत होती, आणि वेताच्या खुर्चीत बसलेले एक टक्कल पडलेले गृहस्थ बशीतून चहा पीत तिच्याकडे पाहत होते. हे देवधर. चौथ्या मजल्यावर राहणारे, भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. त्यांनी माझ्याकडे न बघता मान हलवली आणि म्हणाले, "एवढ्या खोल विहिरीतून माणूस हातांनी वर येऊच शकत नाही. घर्षण पुरत नाही."

"ती माणूस नाही, देवधर," बाई म्हणाल्या.

"तरी घर्षण लागतंच."

सिनेमा संपला. बाईंनी टीव्ही बंद केला, खुर्ची वळवून आमच्याकडे तोंड केलं आणि म्हणाल्या, "हं. आता बोला." त्या आवाजात असं काही होतं, की शेवटची वीस मिनिटंच पाहिलेला मीसुद्धा सावरून बसलो.

रझिया तांबोळी यांनी सगळा जन्म खडकीत काढला होता. तिथल्याच एका शाळेत त्या गणित शिकवायच्या. नवरा संरक्षण खात्यात हिशेबनीस होता. त्याच्या निवृत्तीनंतर दोघांनी मांजरीला हा फ्लॅट घेतला, आणि राहायला येण्याआधीच तो गेला. मूलबाळ नव्हतं. त्या एकट्या राहत, पण एकटेपणाबद्दल त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नाही. बोलायच्या त्या भुतांबद्दल. आणि तेही बहुतेक ऑक्टोबरात.

वर्षभर त्या भयपटांना शिवत नसत. ऑक्टोबर लागला की मात्र दर शनिवारी आणि रविवारी दुपारी चार वाजता त्यांच्याकडे सिनेमा असे. शेवटचा महिनाअखेरीला, हॅलोवीनच्या दिवशी, मग वार कोणताही असो. "या दिवसांत सगळे चांगले भयपट एकदम येतात," त्या सांगत. "आंब्याचा मोसम असतो तसा. मोसमाबाहेर खाल्ले की चव लागत नाही." हॅलोवीन हा सण त्यांना मनापासून पटला होता. कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "या सणाला कुणी उपदेश करत नाही. नुसतं घाबरवतात आणि घरी जातात."

भयपट दिवसाउजेडी बघायचा हा त्यांचा दंडक होता. पडदे उघडे, पंखा चालू, हातात चहा. मी एकदा पडदे ओढायला उठलो तर म्हणाल्या, "बसा. रात्री अंधारात कुणालाही भीती वाटते, त्यात सिनेमाचं काय कर्तृत्व? इथे ऊस दिसतोय, खालून भाजीवाल्याची आरोळी ऐकू येतेय, आणि तरी तुमचा घास तोंडाशी थांबला, तर त्याला मार्क."

मार्क त्या खरोखरच देत. शिक्षकी पेशा अंगातून गेला नव्हता. एखाद्या सिनेमात भूत उगाचच कपाटातून बाहेर पडलं की म्हणत, "उत्तर लिहिलंय, पायऱ्या नाहीत." शेवटी सगळं स्वप्न होतं असं निघालं, तर तो सिनेमा नापास. त्याला ग्रेस मार्कही नाहीत. मोठ्या आवाजाने दचकवणाऱ्या दिग्दर्शकांवर त्यांचा विशेष राग होता. "वर्गात डस्टर आपटणारे मास्तर असतात ना, त्यातला हा," त्या म्हणायच्या. "ज्याला शिकवता येत नाही तो आपटतो."

कधीकधी त्या नवऱ्याची गोष्ट सांगत. त्यांच्या तरुणपणी एकपडदा थिएटरांत भुताचे सिनेमे लागायचे. बाईंना ते बघायचे असत आणि तांबोळी साहेबांना त्यांची भयंकर भीती. बायकोला एकटं पाठवणं त्यांना बरं वाटेना, म्हणून ते दोन तिकिटं काढायचे, तिच्या शेजारी बसायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. मध्यंतर झालं की उठून बाहेर जायचे आणि सिनेमा सुटेपर्यंत थिएटरच्या दारात भुईमुगाच्या शेंगा खात उभे राहायचे. "घरी येताना सगळी गोष्ट मला विचारायचे," बाई म्हणाल्या. "मी सांगायचे. शेवटपर्यंत ऐकायचे. मध्ये एक शब्द बोलायचे नाहीत. असा माणूस मिळणं कठीण असतं." एवढं बोलून त्यांनी देवधरांकडे पाहिलं. देवधर तेव्हा आरशात प्रतिबिंब न दिसण्याची शास्त्रीय अडचण मला समजावून सांगत होते.

चर्चेची त्यांची रीत वेगळी होती. सिनेमा कसा वाटला असं त्या कधी विचारत नसत. "कुठे हललात?" हा त्यांचा प्रश्न. प्रत्येकाने आपली जागा सांगायची आणि का हललो ते सांगायचं. देवधर कुठेच हललेले नसत. मी बहुधा शेवटाजवळची एखादी जागा सांगायचो. बाईंची जागा मात्र नेहमी सुरुवातीला असे. अजून भूत आलेलंही नाही, नुसतं नवं घर, नवी माणसं, कुणीतरी म्हणतं की वरच्या खोलीत आवाज आला आणि बाकीचे म्हणतात की उंदीर असेल. बाई म्हणत, "इथे. मी इथे हलले." आम्हाला ते जरा विक्षिप्त वाटे. एकदा देवधर म्हणालेच, "बाई, तिथे तर काहीच घडत नाही."

"तुम्हाला असं वाटतं," त्या म्हणाल्या आणि कपबश्या उचलायला लागल्या.

पुढच्या वर्षी आमच्यात स्नेहलची भर पडली. ही यवतमाळची मुलगी, पंचविशीतली, आयटीत नोकरीला, बाईंच्या समोरच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहणारी. तिलाही किंकाळीनेच खेचून आणलं. पहिल्या दिवशी ती उशी पोटाशी धरून बसली आणि अर्धा सिनेमा तिने उशीमागून बघितला.

"नाही ना, आंटी, मी नाही पाहू शकत असलं," ती म्हणाली. "तो म्हातारा खिडकीतून पाहून राहिला नं."

"आंटी नाही. बाई म्हण. आणि उशी खाली कर, म्हातारा गेला."

"नक्की गेला?"

"परत येईल. पण आत्ता गेला."

स्नेहल दर आठवड्याला यायला लागली. येताना काहीतरी तिखट घेऊन यायची. दचकली की खदाखदा हसायची, आणि चर्चेत देवधरांशी जोरात भांडायची. देवधरांनाही ते आवडत असावं. ती आली नाही तर ते दाराकडे बघत.

त्याच वर्षी सोसायटीत हॅलोवीनवरून वाद झाला. लहान मुलांना भुतांचे कपडे घालून घरोघर खाऊ मागत फिरायचं होतं. काही रहिवाशांना ते मान्य नव्हतं. सभा बोलावली गेली. आपल्या संस्कृतीत हे बसत नाही, दिवाळीच्या तोंडावर घराघरांतून भुतं फिरवणं अशुभ आहे, असं बरंच बोलून झालं. कोपऱ्यात बसलेल्या बाईंकडे वळून एक गृहस्थ म्हणाले, "तुमच्यात तरी हे चालतं का?"

"आमच्यात म्हणजे तांबोळ्यांत?" बाईंनी विचारलं. "तांबोळ्यांत पान चालतं."

लोक हसले. गृहस्थांनाही हसावं लागलं. मग बाई उठून म्हणाल्या, "मुलांना फिरू द्या. माझ्या दारावर ज्या भुताला सतराचा पाढा येईल त्यालाच खाऊ मिळेल. याहून भीतिदायक काही मला सुचत नाही." ठराव मंजूर झाला. हॅलोवीनच्या संध्याकाळी सहाव्या मजल्यावर बाईंच्या दारापुढे पांढऱ्या चादरी, काळे झगे आणि रंगवलेले सुळे यांची रांग लागली होती. एक रक्तपिपासू सतरा सत्ते म्हणताना अडखळला आणि सुळे काढून रडायला लागला. बाईंनी त्याला आत घेतलं, पाढा दोनदा म्हणून घेतला आणि दोन्ही मुठी भरून शंकरपाळी दिली.

असे ते दिवस चालले होते. मग तिसऱ्या वर्षीचा ऑक्टोबर आला.

त्या शनिवारी लावलेला सिनेमा साधाच होता. एक तरुण बाई एका घरात भाड्याने राहायला येते. तिला वाटतं, घरात कुणीतरी आहे. मैत्रिणीला सांगते, घरमालकाला सांगते, डॉक्टरला सांगते. शेवटी जे व्हायचं ते होतं. सिनेमा संपल्यावर बाईंनी खुर्ची वळवली. देवधर म्हणाले, "मुळात तिला भास होत होते. दिग्दर्शकालाही ते धड ठरवता आलेलं नाही."

"स्नेहल, तू कुठे हललीस?"

स्नेहल त्या दिवशी हसली नव्हती. दचकलीही नव्हती. ती म्हणाली, "भूत दिसतं तिथे नाही. ती मैत्रिणीला सांगते नं, आणि मैत्रीण म्हणते, तू झोपत नाहीस म्हणून असं होतं. तिथे."

"का?"

"असंच."

बाई तिच्याकडे थोडा वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "देवधर, पेंडसे, तुम्ही निघा आता. चर्चा संपली." चर्चा इतक्या लवकर कधी संपत नसे. आम्ही निघालो. दाराबाहेर देवधर मला म्हणाले, "काय झालं?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी आम्हा दोघांना सकाळीच बोलावून घेतलं. स्नेहल सोफ्यावर बसली होती, डोळे सुजलेले. बाईंनी तिला विचारलं, "मी सांगू की तू सांगतेस?"

तिने स्वतःच सांगितलं. तिच्या टीममधला एक सीनियर होता. सुरुवातीला गाडीतून सोडतो म्हणायचा, ती नको म्हणायची. मग सोसायटीच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर तो दिसायला लागला. मग पार्किंगमध्ये. गेटवर तो भाऊ म्हणून नाव सांगायचा आणि आत यायचा. दोनदा त्याने तिच्या दाराची बेल वाजवली होती आणि ती दिवा बंद करून आत बसून राहिली होती. ऑफिसात सांगितलं, तर पुरावा काय विचारलं. तो हुशार माणूस होता, कामात वरचढ, सगळ्यांशी गोड. मैत्रिणीला सांगितलं, तर ती म्हणाली, तू ते भुताचे सिनेमे बघणं बंद कर, डोक्यात भरतं तुझ्या.

"घरी सांगितलंस?" मी विचारलं.

"घरी सांगितलं तं उद्या बाबा येतील आणि घेऊन जातील. नोकरी गेली मग. आणि पुढच्या महिन्यात लग्न." तिने नाक पुसलं. "मलाच वाटायला लागलं होतं सर, की मीच वेडी होऊन राहिली काय."

देवधर चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसत होते. मग त्यांनी विचारलं, "तो कोणत्या वारी येतो?" एवढंच. पण ते ऐकून बाईंचा चेहरा जरा सैल झाल्यासारखा मला वाटला.

तो बहुधा रविवारी संध्याकाळच्या आधी यायचा. म्हणजे त्याच दिवशी येण्याची शक्यता होती. बाईंनी नेहमीसारखा चार वाजता सिनेमा लावला. आम्ही सगळे बसलो. कुणाचंच लक्ष नव्हतं. पडद्यावर काय चाललं होतं ते मला आज आठवत नाही. चहा निवून गेला होता. मध्येच जिन्याच्या बाजूने पावलं ऐकू आली आणि समोरच्या दाराची बेल वाजली. स्नेहलने उशी पोटाशी ओढली.

बाईंनी टीव्ही बंद केला आणि उठून आपलं दार सताड उघडलं. समोर तिशीतला एक नीटनेटका माणूस उभा होता, हातात मिठाईचा पुडा.

"कोण पाहिजे?" बाईंनी विचारलं.

"स्नेहल आहे का? मी तिचा भाऊ."

"अरे वा. आत या ना. स्नेहल इथेच आहे, आम्ही सिनेमा बघतोय."

तो दारातच थबकला. आत मी होतो, देवधर होते, आणि सोफ्यावर स्नेहल. परत फिरणं त्याला कठीण झालं असावं. तो दोन पावलं आत आला.

"भाऊ म्हणजे सख्खे?" बाईंनी विचारलं, अगदी गोड आवाजात.

"हो. म्हणजे, तसंच."

"आईचं नाव काय तुमच्या?"

तो हसला. "आंटी, काय हे..."

"सोपा प्रश्न आहे. पहिल्याच बाकावरचा. आईचं नाव काय?"

त्याने स्नेहलकडे पाहिलं. स्नेहल त्याच्याकडे बघत होती. इतके दिवस ती त्याच्याकडे बघायचं टाळत आली होती, हे मला नंतर कळलं. त्याने मिठाईचा पुडा दुसऱ्या हातात घेतला.

"आलं नाही," बाई म्हणाल्या. "स्नेहल, तू सांग, हा कोण आहे?"

"हा माझा कुणीच नाही," स्नेहल म्हणाली. ती उभी राहिली. "मी याला खूपदा नाही म्हटलंय. हा माझ्या मागे येऊन राहिला. याला इथून जायला सांगा."

"ऐकलंत?" बाई त्याला म्हणाल्या. "आम्ही तिघांनी ऐकलं. आणि गेटवर तुम्ही भाऊ म्हणून सांगितलं, तेही कॅमेऱ्यात आहे. आता तुम्ही जा. मिठाई घेऊन जा."

तो काहीतरी पुटपुटला, गैरसमज झालाय वगैरे. देवधर तोवर उठून त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले होते. ते सत्तरीचे, ठेंगणे, पण त्यांनी हाताने जिन्याकडे दाखवलं आणि तो माणूस गेला. तो गेल्यावर स्नेहल सोफ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली. बाई तिच्याजवळ बसल्या. त्यांनी तिचे हात धरले नाहीत, पाठीवरून हात फिरवला नाही. नुसत्या लागून बसल्या, ती शांत होईपर्यंत. मग म्हणाल्या, "चल. आता पोलीस चौकीत."

"आत्ता?"

"हो. सिनेमातली पोरगी इथेच चुकते. संकट टळलं म्हणून झोपायला जाते."

आम्ही चौघंही रिक्षांनी गेलो. चौकीत एक महिला अधिकारी होती. तिने स्नेहलला आत बसवलं आणि बाकीच्यांना बाहेर थांबायला सांगितलं. देवधर फेऱ्या मारत होते. मी आणि बाई बाकावर बसलो. बराच वेळ गेल्यावर मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं, बाई? ती तर एकच वाक्य बोलली."

बाई समोर पाहत होत्या. रस्त्यावरून उसाने भरलेला एक ट्रॅक्टर चालला होता.

"मला एक थोरली बहीण होती," त्या म्हणाल्या. "नसीम. सोलापूरकडे दिली होती. लग्नानंतर ती माहेरी आली आणि म्हणाली, मला परत पाठवू नका, त्या घरात मला भीती वाटते. कशाची म्हणून विचारलं, तर तिला धड सांगता येईना. अब्बा म्हणाले, नवं घर आहे, होतं असं. पाठवली. पुन्हा आली, पुन्हा तेच म्हणाली. आई म्हणाली, पहिल्यापासून भित्रीच आहे ही. मी दहावीत होते. मला तिचं खरं वाटत होतं. मी तसं म्हटलं. पण दहावीतल्या मुलीचं कोण ऐकतं? पाठवली." त्या थांबल्या. "तिसऱ्यांदा ती आली नाही. निरोप आला. स्टोव्हचा भडका झाला म्हणाले."

देवधर फेरी मारत आमच्यापर्यंत आले आणि परत वळले.

"स्टोव्ह तेव्हा सगळ्यांच्याच घरात होते," त्या म्हणाल्या. "म्हणून कुणी फार विचारलंही नाही. मग मला या सिनेमांचा नाद लागला. लोकांना वाटायचं, काय ही पोरगी, घरात असं झालंय आणि भुतं बघते. पण तुम्ही नीट बघा, पेंडसे. प्रत्येक सिनेमात अगदी सुरुवातीला कुणीतरी सांगत असतं. साध्या, सरळ भाषेत सांगत असतं. भूत नंतर येतं. मी ते बघायला जाते. एखाद्या तरी सिनेमात कुणीतरी पहिल्यांदाच म्हणेल, बरं, मला तुझं खरं वाटतं."

"सापडला असा सिनेमा?"

"सापडला तर तो तिथेच संपेल की. पुढे काय दाखवणार?" आणि त्या किंचित हसल्या. त्यांना त्या विनोदाची सवय असावी.

स्नेहल बाहेर आली. अधिकाऱ्याने तक्रार लिहून घेतली होती. फाटकावरचं चित्रण मागवलं, कंपनीला पत्र गेलं. चौकशी लांबली, अपेक्षेप्रमाणे. मधल्या काळात त्या माणसाने एकदा फोन करून माफी मागितली आणि एकदा धमकी दिली. मग त्याला नोकरी सोडावी लागली आणि तो दुसऱ्या शहरात गेला असं कळलं. खटला अजून चालू आहे. स्नेहल लिफ्टमध्ये शिरताना पुढे बराच काळ मागे वळून बघायची. देवधरांनी आपलं संध्याकाळचं फिरणं मैदानावरून फाटकाजवळ आणलं. रोज ते तिथे चहाच्या टपरीसमोर उभे राहून वर्तमानपत्र वाचायचे. चहा ते घरीच घेत. याबद्दल ते कुणाशी बोलले नाहीत, आणि बाईंनीही त्यांना कधी टोमणा मारला नाही. त्या दोघांच्या ओळखीत ही मोठीच गोष्ट होती.

स्नेहलने घरी स्वतःच फोन केला. तेव्हा बाई तिच्या शेजारी बसल्या होत्या. दोन दिवसांनी तिचे वडील आले, यवतमाळच्या एका शाळेतले लिपिक, थकलेले, रागावलेले. सामान बांध, एवढंच म्हणत होते. बाईंनी त्यांना चहाला बोलावलं, सोबत मलाही. "आमच्या पोरीले एकटं राहू दिलं, हीच चूक झाली, मॅडम," ते मोठ्याने म्हणत होते.

"ती एकटी नव्हती म्हणून हे निस्तरलं," बाई म्हणाल्या. "आणि ती बोलली म्हणून. आता तुम्ही तिला नेलंत, तर ती पुढच्या वेळी कुणालाच सांगणार नाही. तुम्हालाही नाही. तुमची मुलगी आहे, निर्णय तुमचा."

वडिलांनी चहाचा कप खाली ठेवला. मग त्यांनी मुलीला समोर बसवलं आणि म्हणाले, "तू सांग मले. पहिल्यापासून सांग. मी मधात बोलत नाही." मी तिथून उठलो. ते गृहस्थ आणखी दोन दिवस राहिले आणि एकटेच परत गेले.

त्यानंतरचे दोन ऑक्टोबर नेहमीसारखे गेले. भुतं आली, पास झाली, नापास झाली. देवधर एकदा हलले. एका सिनेमात आजोबा रिकाम्या घरात पाहुण्यांसाठी ताटं मांडून बसतात, त्या जागी. का हललात, हे बाईंनी त्यांना विचारलं नाही. देवधरांची मुलं परदेशात आहेत, हे आम्हाला माहीत होतं.

मग बाईंचे गुडघे फार दुखायला लागले. मिरजेला त्यांचा धाकटा भाऊ असतो. तो कित्येक वर्षं बोलावत होता. एका हिवाळ्यात त्यांनी फ्लॅट भाड्याने दिला आणि जायचं ठरवलं. निरोपाचं काही करू नका असं त्यांनी बजावलं होतं. तिकडे त्या दीड वर्ष होत्या. पुढच्या ऑक्टोबरात दर रविवारी फोन करून सिनेमाचं नाव सांगायच्या, आम्ही इकडे बघायचो आणि मग स्पीकरवर चर्चा व्हायची. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्या झोपेतच गेल्या. भावाने स्नेहलला कळवलं. बातमी सांगायला ती माझ्या दारात आली तेव्हा तिला बोलता येत नव्हतं. मी थांबलो. मग ती बोलली.

मला त्या शेवटच्या दिसल्या त्या स्वारगेटला. आम्ही तिघंही पोचवायला गेलो होतो. नको म्हणाल्या होत्या, तरी. एसटीत त्यांना खिडकीची जागा मिळाली. देवधरांनी पिशवी वर ठेवली आणि त्यांना ती कशी ठेवली आहे हे समजावून सांगितलं. स्नेहल खाली उभी राहून काहीबाही सांगत होती, पोचल्यावर फोन करा, गोळ्या घ्या. बाई हूं हूं करत होत्या.

गाडी सुटायच्या जरा आधी त्यांच्या शेजारच्या जागेवर एक बाई येऊन बसली. तिशीची असेल, खेड्यातली, मांडीवर लहान मूल, डोक्यावरचा पदर घट्ट ओढलेला. बसल्याबरोबर तिने बाईंना काहीतरी विचारलं, बहुधा गाडी मिरजेलाच जाते ना, असं. बाईंनी उत्तर दिलं. ती पुन्हा काही म्हणाली, या वेळी खालच्या आवाजात. गाडी मागे सरकायला लागली. आम्ही हात वर केले. स्नेहलने जोरात हाक मारली, "बाई!"

त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही. त्यांनी चष्मा वर सारला होता, अंग खिडकीकडून वळवून घेतलं होतं आणि मान त्या बाईकडे झुकवली होती. गाडी वळण घेऊन फाटकाबाहेर पडली, तेव्हाही त्या ऐकतच होत्या.